शंका-समाधान : लिनक्सवर बसवलेले प्रमाणपत्र नेमके कुठे बसते?

‘प्रमाणपत्र बसवले, पण चालत नाही’ अशी तक्रार या सदराकडे हल्ली वरचेवर येऊ लागली आहे, म्हणून या अंकात त्याच विषयावरची पाच पत्रे घेतली आहेत. ती वाचताना असे ध्यानात आले की या एकाच शब्दप्रयोगाखाली उलट्या दिशेची दोन कामे येतात. आपला सर्व्हर येणाऱ्याला आपली ओळख पटवण्यासाठी जे प्रमाणपत्र दाखवतो ते बसवणे हे एक काम. आणि दुसऱ्याची ओळख तपासताना आपले यंत्र ज्या मूळ संस्थांच्या सहीवर भरवसा ठेवते, त्यांच्या यादीत भर घालणे हे दुसरे. शिवाय अशी यादी एका संगणकावर एकच असते असेही नाही, आणि निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे सदराच्या पद्धतीप्रमाणे उच्चारानुसार देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत लहान अक्षरांनी टंकावीत. मोठी अक्षरे हवी असतील तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उबुंटू 22.04 असलेले 40 संगणक आहेत. नवी फायरवॉल बसल्यापासून प्रत्येक संकेतस्थळावर सुरक्षेचा इशारा येतो. पुरवठादाराने ‘कॅम्पस.सीईआर’ नावाची फाइल देऊन ती सर्व संगणकांवर बसवा, असे सांगितले. मी ती /यूएसआर/लोकल/शेअर/सीए-सर्टिफिकेट्स या फोल्डरात ठेवून ‘सुडो अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स’ ही आज्ञा दिली, तर ‘झीरो ॲडेड, झीरो रिमूव्ह्ड’ असे उत्तर आले. मग फाइलचे शेपूट बदलून .सीआरटी केले, तरीही फायरफॉक्स आणि पायथनचे पिप ऐकत नाहीत. कृपया मार्गदर्शन करावे.
— प्रयोगशाळा साहाय्यक, नांदेड

उत्तर : आपली फायरवॉल संकेतस्थळांची वाहतूक मध्येच उलगडते आणि स्वतःच्या सहीची प्रमाणपत्रे पुढे करते, म्हणून इशारे येतात; दिलेली फाइल हे त्या सहीमागचे मूळ प्रमाणपत्र आहे. आपल्याकडे तीन अडचणी एकात एक गुंतल्या आहेत आणि वरची सुटल्याखेरीज खालची दिसत नाही, म्हणून क्रमाने जाऊ.

डेबियन आणि उबुंटूमधील ही आज्ञा त्या फोल्डरातील फक्त .सीआरटी शेपटाच्या फाइली उचलते. .सीईआर किंवा .पेम शेपटाच्या फाइलीकडे ती ढुंकूनही पाहत नाही आणि तसे एका शब्दाने सांगतही नाही, हा माझ्या मते तिचा मोठा दोष आहे. तेव्हा शेपूट बदललेत ते योग्यच केलेत. मात्र नाव बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही. प्रमाणपत्राची फाइल दोन रूपांत येते. पेम हे अक्षरांचे रूप आहे: साध्या एडिटरमध्ये उघडल्यास पहिल्याच ओळीत दोन्ही बाजूंना पाच-पाच आडव्या रेघा आणि मध्ये ‘बिगिन सर्टिफिकेट’ असे शब्द दिसतात, व त्याखाली अक्षरे आणि अंक यांच्या सारख्या लांबीच्या ओळी असतात. डीईआर हे बायनरी रूप आहे. ते उघडले की चौकोन आणि चित्रविचित्र खुणांचा पसारा दिसतो. विंडोजच्या जगातून आलेली .सीईआर फाइल यांपैकी कोणत्याही रूपात असू शकते, आणि उबुंटूच्या यादीला पेमच लागते. आपली फाइल उघडून पाहा; पसारा दिसला तर ‘ओपनएसएसएल एक्स509 -इनफॉर्म डीईआर -इन कॅम्पस.सीईआर -आउट कॅम्पस.सीआरटी’ ही आज्ञा देऊन तिचे रूपांतर करावे, आधी नाव बदललेली फाइल काढून टाकून ही नवी फाइल तिथे ठेवावी आणि यादी ताजी करण्याची आज्ञा पुन्हा द्यावी.

त्यानंतरही आकडा शून्यच आला तर लगेच निराश होऊ नये, कारण त्या नावाची नोंद पूर्वी झालेली असेल तर आज्ञा तिला नवी भर समजत नाही. खरी खूण अशी, की /ईटीसी/एसएसएल/सर्ट्स या फोल्डरात ‘कॅम्पस.पेम’ नावाचा दुवा तयार झालेला असतो आणि तो आपण ठेवलेल्या फाइलकडे बोट दाखवतो. ‘सीए-सर्टिफिकेट्स.सीआरटी’ या फाइलमध्ये नेमके एक प्रमाणपत्र नसल्याने ती वगळली, असा जो इशारा कधी कधी पडद्यावर येतो त्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे. ती सर्व मूळ प्रमाणपत्रांची एकत्र मोळी आहे, तिच्यात एकच कसे असेल? फेडोरा किंवा रेड हॅटच्या कुळातील यंत्र असेल तर फोल्डर /ईटीसी/पीकेआय/सीए-ट्रस्ट/सोर्स/अँकर्स आणि आज्ञा ‘अपडेट-सीए-ट्रस्ट’ एवढाच फरक. तिथे दोन्ही रूपे चालतात.

इतके झाले की कर्ल, डब्ल्यूगेट आणि गिट या टर्मिनलवरून इंटरनेटशी बोलणाऱ्या आज्ञा मुकाट्याने चालू लागतील. फायरफॉक्स चालणार नाही, आणि त्यात आपली काही चूक नाही. फायरफॉक्स प्रणालीची यादी वाचतच नाही. तो मोझिलाची स्वतःची यादी बाळगतो आणि त्यात घातलेली भर वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये ठेवतो. एका संगणकावर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या पानावरील ‘व्ह्यू सर्टिफिकेट्स’मध्ये जाऊन ‘ऑथॉरिटीज’खाली ‘इम्पोर्ट’ करता येते, पण 40 संगणक आणि प्रत्येकावर विद्यार्थ्यांची अनेक खाती असताना हा उद्योग करू नये. /ईटीसी/फायरफॉक्स/पॉलिसीज या फोल्डरात ‘पॉलिसीज.जेसन’ नावाची धोरण-फाइल ठेवून तिच्या ‘सर्टिफिकेट्स’ विभागातील ‘इन्स्टॉल’ या नोंदीत (दोन्ही नावांचे पहिले अक्षर मोठे) प्रमाणपत्राचा पूर्ण मार्ग दिला की त्या यंत्रावरील प्रत्येक खात्याला ते आपोआप लागू होते. उबुंटू 22.04 वरचा फायरफॉक्स स्नॅपच्या बंद पेटीत चालतो आणि पेटीबाहेरचे सगळे फोल्डर त्याला दिसत नाहीत, म्हणून प्रमाणपत्राची प्रतही त्याच पॉलिसीज फोल्डरात ठेवावी. पत्त्याच्या जागी ‘अबाउट:पॉलिसीज’ टंकले की धोरण वाचले गेले की नाही ते कळते. जेसनमधला एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर तेही तिथेच उघड होते.

पिपची, म्हणजे पायथनची पॅकेजे उतरवणाऱ्या आज्ञेची, गोष्ट थोडी निराळी आहे. उबुंटूने स्वतः दिलेले पिप प्रणालीची यादी पाहते, परंतु विद्यार्थी आभासी वातावरण (एका प्रकल्पापुरते वेगळे पायथन) तयार करतात तेव्हा त्यात येणारे जुने पिप ‘सर्टिफाय’ नावाच्या पॅकेजमधली स्वतःची यादी सोबत आणते. ‘रिक्वेस्ट्स_सीए_बंडल’ हे मोठ्या अक्षरांतील नाव पर्यावरण-चल (चालणाऱ्या प्रोग्रामांना मिळणारे सेटिंग) म्हणून घेऊन त्याला /ईटीसी/एसएसएल/सर्ट्स/सीए-सर्टिफिकेट्स.सीआरटी हा मार्ग दिला की ते ताळ्यावर येते. पिपच्या 24.2 आवृत्तीपासून, पायथन 3.10 किंवा त्यापुढचे असेल तर, प्रणालीची यादी आपसूक पाहिली जाते. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडसाठी ‘नोड_एक्स्ट्रा_सीए_सर्ट्स’ असे, तेही मोठ्या अक्षरांतले, वेगळे चल आहे. बाहेरून उतरवलेल्या जावाची तर ‘सीएसर्ट्स’ नावाची स्वतंत्र तिजोरी असते, तिच्यात ‘कीटूल’ने भर घालावी लागते आणि तिचा मूळ पासवर्ड ‘चेंजइट’ असा आहे. ‘मला बदला’ असे तो पासवर्ड स्वतःच सांगतो, आणि इतक्या वर्षांत तो कोणी बदललेला मी तरी पाहिलेला नाही.

कर्लला ‘-के’ जोडून किंवा पिपला विश्वसनीय यजमानाची नावे देऊन तपासणीच बंद करण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. तो मानू नये, कारण प्रयोगशाळेत शिकलेली ती सवय विद्यार्थी पुढे नोकरीत घेऊन जातात. आणखी एक, न विचारलेले. या मूळ प्रमाणपत्राची खाजगी किल्ली (त्याच्या नावाने सही करू देणारी गुप्त फाइल) ज्या फायरवॉलमध्ये आहे, तिला त्या 40 संगणकांवरून होणारी सर्व सांकेतिक वाहतूक उलगडून वाचता येते. महाविद्यालयाच्या यंत्रांवर हे धोरण म्हणून समजण्यासारखे आहे. पण विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर ही फाइल बसवायला लावू नये, बँकांची संकेतस्थळे या तपासणीतून वगळण्यास पुरवठादाराला सांगावे, आणि प्रयोगशाळेच्या दारावर तशी स्पष्ट सूचना लावावी.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे संकेतस्थळ एनजिनएक्स सर्व्हरवर आहे. विकत घेतलेले प्रमाणपत्र मी बसवले. कार्यालयातील सर्व संगणकांच्या ब्राउझरमध्ये कुलूप व्यवस्थित दिसते, परंतु सभासदांच्या मोबाइल ॲपमध्ये जोडणी नाकारली जाते आणि शाखेच्या लिनक्स सर्व्हरवरून कर्ल केल्यास ‘अनेबल टू गेट लोकल इश्यूअर सर्टिफिकेट’ असे येते. शाखेतील यंत्रावर आमचे प्रमाणपत्र बसवावे लागेल काय? तपासणीसाठी सर्व फाइली सोबत जोडल्या आहेत.
— संस्थेचे संगणक विभागप्रमुख, सांगली

उत्तर : आधी जोडलेल्या फाइलींविषयी. त्यांत शेवटी ‘.की’ असलेली फाइल आहे, म्हणजे आपली खाजगी किल्लीच आपण ई-मेलने पाठवली आहे. मी ती उघडलेली नाही आणि पुसून टाकली आहे, तरी ती किल्ली आता फुटली असेच धरून चालावे: नवी किल्ली तयार करावी, तिच्यावर प्रमाणपत्र नव्याने मागवून घ्यावे आणि जुने रद्द करण्यास देणाऱ्या संस्थेला कळवावे. हे काम खालचे उत्तर वाचण्यापूर्वी सुरू केले तरी चालेल.

आता मूळ शंका. शाखेच्या यंत्रावर काहीही बसवू नका. दोष आपल्या सर्व्हरकडे आहे. आपल्या प्रमाणपत्रावर मूळ संस्थेची थेट सही नसते. मूळ संस्था एका मधल्या प्रमाणपत्रावर सही करते आणि ते मधले आपल्या प्रमाणपत्रावर. तपासणाऱ्याच्या यादीत फक्त मूळ असते, म्हणून मधला दुवा पुरवणे हे सर्व्हरचे काम आहे. तो आपण पुरवत नाही. ब्राउझरमध्ये कुलूप का दिसते, तर फायरफॉक्सला बरीच मधली प्रमाणपत्रे आधीच ठाऊक असतात आणि क्रोम प्रमाणपत्रात छापलेल्या पत्त्यावरून हरवलेला दुवा स्वतः आणतो. कर्ल आणि बहुतेक मोबाइल ॲप एवढे सौजन्य दाखवत नाहीत. ‘माझ्या ब्राउझरमध्ये तर उघडते’ हा पुरावा या बाबतीत कवडीमोल आहे.

खात्री करून घ्यायची तर शाखेच्या यंत्रावरून ‘ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट’ ही आज्ञा, तिच्यापुढे संकेतस्थळाचे नाव, अपूर्णविराम आणि 443, आणि शेवटी ‘-शोसर्ट्स’ असे द्यावे. जुनी आवृत्ती असेल तर ‘-सर्व्हरनेम’ लावून नाव पुन्हा द्यावे, नाहीतर एकाच यंत्रावर अनेक संकेतस्थळे असताना भलत्याचेच प्रमाणपत्र समोर येते. उत्तरात ‘सर्टिफिकेट चेन’ या शीर्षकाखाली 0 क्रमांकाची एकच नोंद दिसली आणि वर त्रुटी क्रमांक 20 व 21 आले, तर निदान पक्के. साखळी पूर्ण असेल तेव्हा 0 आणि 1 अशा किमान दोन नोंदी दिसतात.

उपाय साधा आहे. देणाऱ्या संस्थेने पाठवलेल्या पाकिटात मधल्या प्रमाणपत्राची फाइल असते; बहुधा ‘बंडल’ किंवा ‘इंटरमीजिएट’ असे तिचे नाव असते. ‘कॅट’ आज्ञेने आधी आपले आणि मग मधले अशा क्रमाने दोन्ही एका नव्या फाइलमध्ये जोडावीत आणि एनजिनएक्सच्या ‘एसएसएल_सर्टिफिकेट’ या ओळीत त्या नव्या फाइलचा मार्ग द्यावा. मूळ प्रमाणपत्र जोडण्याची गरज नाही. ते समोरच्याकडे असतेच. इथे दोन खाचखळगे आहेत आणि पाहिलेल्यांपैकी बहुतेक लोक त्यांतल्या एकात तरी पडतात. पहिल्या फाइलच्या शेवटी नवी ओळ नसेल तर जोडल्यावर एकाची ‘एंड सर्टिफिकेट’ ही ओळ आणि दुसऱ्याची ‘बिगिन सर्टिफिकेट’ ही ओळ एकमेकींना चिकटतात, मध्ये पाचाऐवजी दहा रेघा येतात आणि सर्व्हर ‘बॅड एंड लाइन’ म्हणून अडून बसतो. एडिटरमध्ये त्या दहा रेघांच्या मधोमध एंटर दाबले की काम होते. दुसरा खळगा क्रमाचा. मधले प्रमाणपत्र आधी आले तर एनजिनएक्स आपली किल्ली त्याच्याशी ताडून पाहतो आणि ‘की व्हॅल्यूज मिसमॅच’ असे कळवतो. क्रम बरोबर असूनही हीच त्रुटी आली तर मात्र किल्ली खरोखरच दुसऱ्या अर्जाची आहे. ‘ओपनएसएसएल एक्स509 -नोआउट -पबकी -इन’ यापुढे प्रमाणपत्र आणि ‘ओपनएसएसएल पीकी -पबआउट -इन’ यापुढे किल्ली देऊन निघणारी दोन उत्तरे अक्षरशः सारखी हवीत.

शेवटी ‘एनजिनएक्स -टी’ने तपासून मगच रीलोड करावे. अपाचे हा दुसरा वेब-सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी एवढेच, की 2.4.8 आवृत्तीपासून ‘एसएसएलसर्टिफिकेटफाइल’ या एकाच ओळीत अशी जोडफाइल चालते, साखळीची वेगळी ओळ लागत नाही.

प्रश्न : वाचनालयाला देणगीत मिळालेल्या जुन्या संगणकावर आम्ही लिनक्स मिंट घातले. वीज गेल्यानंतर तो पुन्हा सुरू केला की कोणतेही संकेतस्थळ उघडत नाही. प्रमाणपत्र ‘अजून वैध झालेले नाही’ असे लिहून येते. सीए-सर्टिफिकेट्स हे पॅकेज दोनदा पुन्हा बसवले.
— ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहा. मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपली आहे, त्यामुळे वीज गेली की घड्याळ काही वर्षे मागे जाते आणि आजची सारी प्रमाणपत्रे त्या यंत्राला भविष्यातली वाटतात. बहुतेक यंत्रांत सीआर2032 ही बॅटरी असते आणि कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळते. ती बदलेपर्यंत ‘सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे इंटरनेट मिळताच वेळ आपोआप जुळेल. पॅकेज पुन्हा बसवून काही होणार नाही.

प्रश्न : मी आंबा विक्रीचे छोटे संकेतस्थळ स्वतःच चालवतो. लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र सर्टबॉट या प्रोग्रामने घेतले आहे. ऐन हंगामात एका सकाळी ग्राहकांचे फोन आले की संकेतस्थळ असुरक्षित दाखवते आहे. ब्राउझर म्हणतो मुदत संपली, आणि सर्टबॉट म्हणतो नूतनीकरणाची वेळ अजून आलेलीच नाही. खरे कोणाचे? माझ्या अपाचेच्या रचनेतील संबंधित ओळी सोबत दिल्या आहेत.
— बागायतदार, रत्नागिरी

उत्तर : दोघांचेही खरे आहे, दोघे वेगवेगळ्या फाइलींविषयी बोलत आहेत.

आपण पाठवलेल्या ओळींत प्रमाणपत्राचा मार्ग /ईटीसी/अपाचे2/एसएसएल असा आहे. सर्टबॉट आपल्या फाइली तिथे ठेवत नाही. तो प्रत्येक नूतनीकरणाची नवी फाइल /ईटीसी/लेट्सएन्क्रिप्ट/आर्काइव्ह या फोल्डरात 1, 2, 3 असे क्रमांक लावून ठेवतो आणि शेजारच्या ‘लाइव्ह’ फोल्डरातील दुवे सर्वांत ताज्या फाइलीकडे वळवतो. पहिल्या वेळी आपण ‘लाइव्ह’मधून प्रत काढून अपाचेच्या फोल्डरात ठेवली असणार. त्यानंतर सर्टबॉटने आपले काम वेळच्या वेळी केले, पण ती प्रत मात्र 90 दिवसांपूर्वीचीच राहिली. हे इतक्या खात्रीने लिहितो कारण मी स्वतः हेच केले आहे. एका गृहनिर्माण संस्थेचा छोटा सर्व्हर मी सांभाळत असे. परवानगीची कटकट नको म्हणून फाइल दुसरीकडे नकलली, आणि तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी सर्वसाधारण सभेच्या सूचनेऐवजी सगळ्यांना लाल पान दिसले. दोन तास मी सर्टबॉटच्या नोंदवहीत दोष शोधत होतो, आणि तिथे शोधण्यासारखे काही नव्हतेच.

अपाचेच्या ओळींत थेट ‘लाइव्ह’ फोल्डरातील ‘फुलचेन.पेम’ आणि ‘प्रिव्हकी.पेम’ यांचे मार्ग द्यावेत. शेजारची ‘सर्ट.पेम’ घेऊ नये, तिच्यात मधला दुवा नसतो आणि मग वरच्या सांगलीच्या पत्रातली अडचण आपल्याकडे येईल. अपाचे मुख्य प्रक्रिया रूट म्हणून सुरू करतो, त्यामुळे परवानगीचा प्रश्न येत नाही.

एवढ्याने अर्धे काम होते. सर्व्हर प्रमाणपत्र वाचतो ते सुरू होताना किंवा रीलोड होताना; फाइल बदलली म्हणून स्मृतीतले जुने प्रमाणपत्र बदलत नाही. त्यासाठी /ईटीसी/लेट्सएन्क्रिप्ट/रिन्यूअल-हुक्स/डिप्लॉय या फोल्डरात एक छोटी स्क्रिप्ट ठेवावी, तिच्यात ‘सिस्टमसीटीएल रीलोड अपाचे2’ एवढी एक आज्ञा असावी आणि तिला चालण्याची परवानगी द्यावी. यशस्वी नूतनीकरणानंतर सर्टबॉट ती स्वतः चालवतो. ‘--ड्राय-रन’च्या रंगीत तालमीत ही स्क्रिप्ट सहसा चालत नाही, म्हणून ती एकदा हाताने चालवून पाहावी. पुढे कधी शंका आली तर ‘ओपनएसएसएल एक्स509 -नोआउट -एंडडेट’ ही आज्ञा एकदा फाइलवर आणि एकदा एस_क्लायंटने सर्व्हरकडून आणलेल्या प्रमाणपत्रावर चालवावी. तारखा वेगळ्या आल्या तर रीलोड राहिले आहे, सारख्या आणि जुन्या आल्या तर नूतनीकरण.

लेट्स एन्क्रिप्टने मुदतीची आठवण करून देणारे ई-मेल जून 2025 मध्ये बंद केले आहेत, तेव्हा त्यांच्या भरवशावर राहू नये. शिवाय सर्वच सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने उतरवण्याचे सीए/ब्राउझर फोरमने (प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणारे यांचे मंडळ) एप्रिल 2025 मध्ये ठरवले आहे: 398 दिवसांवरून 15 मार्च 2026 पासून 200, 2027 मध्ये त्याच तारखेपासून 100 आणि 2029 मध्ये 47 दिवस. वर्षातून एकदा हाताने फाइल नकलणारेही यापुढे आपल्याच रांगेत येतील.

प्रश्न : शासनाच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतरवला. लिनक्सवर ओक्युलर या पीडीएफ वाचकात उघडल्यास स्वाक्षरी वैध आहे असे दिसते, पण खाली ‘सर्टिफिकेट इश्यूअर इज अननोन’ असेही येते. उतारा पीककर्जासाठी बँकेत द्यायचा आहे. हा उतारा खोटा तर नाही ना? मूळ प्रमाणपत्र बसवायचे असल्यास कोठे बसवावे? प्रणालीच्या फोल्डरात टाकून पाहिले, फरक पडला नाही.
— निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ओक्युलर आपल्याला दोन स्वतंत्र गोष्टी सांगतो आहे. स्वाक्षरी वैध आहे याचा अर्थ, सही झाल्यानंतर फाइलमधील एकही अक्षर बदललेले नाही. देणारा अज्ञात आहे याचा अर्थ, सही करणाऱ्याच्या ओळखीला दुजोरा देणारी मूळ संस्था आपल्या संगणकाच्या यादीत नाही. एवढ्यावरून उतारा खोटा ठरत नाही.

भारतात कायदेशीर डिजिटल स्वाक्षरीची साखळी माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 अन्वये नेमलेल्या प्रमाणन प्राधिकरणांच्या नियंत्रकापर्यंत, म्हणजे सीसीएपर्यंत जाते. लिनक्सची यादी बहुतांशी मोझिलाच्या यादीवरून तयार होते आणि मोझिलाच्या यादीत सीसीएचे मूळ प्रमाणपत्र नाही. ते आपल्याला स्वतःच घालावे लागते, आणि ओक्युलर ते प्रणालीच्या फोल्डरात शोधत नाही. तो फायरफॉक्सच्या प्रोफाइलमधील कोठार वापरतो. म्हणून आपण केलेल्या खटपटीचा परिणाम दिसला नाही. ती फाइल प्रणालीच्या फोल्डरातून काढून यादी पुन्हा ताजी करावी. का, ते पुढे येते आहे.

सीसीएच्या अधिकृत संकेतस्थळावरून मूळ प्रमाणपत्र उतरवावे. तिथे वेगवेगळ्या वर्षांची प्रमाणपत्रे आहेत, जसे 2014 चे आणि 2022 चे. आपल्याला कोणते हवे ते ओक्युलरच्या स्वाक्षरी-तपशिलात साखळीच्या वरच्या टोकाला लिहिलेले असते. फायरफॉक्सच्या ‘ऑथॉरिटीज’मध्ये ते घेताना दोन चौकटी समोर येतात: एक संकेतस्थळांची ओळख पटवण्यासाठी आणि दुसरी ई-मेल वापरकर्त्यांची. पीडीएफवरील सही तपासताना दुसरी पाहिली जाते, तेव्हा फक्त दुसरीत खूण करावी. पहिली मोकळी ठेवण्यास कारण आहे. जुलै 2014 मध्ये राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या काही डोमेनची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले होते. विंडोजच्या यादीत सीसीए होते, म्हणून तिथे धोका होता. फायरफॉक्सच्या यादीत ते नसल्याने त्याच्या वापरकर्त्यांना तो नव्हता. सातबारा तपासण्यासाठी हा दरवाजा उघडण्याची गरज नाही, आणि प्रणालीच्या फोल्डरातील भर नेमका तोच उघडते.

त्यानंतर ओक्युलर बंद करून पुन्हा उघडावा. तरीही ‘अननोन’ आले तर फायरफॉक्स स्नॅपचा आहे का ते पाहावे. त्याचे प्रोफाइल घरच्या फोल्डरातील स्नॅप/फायरफॉक्स/कॉमन या मार्गाखाली असते आणि ओक्युलरला ते दरवेळी सापडतेच असे नाही. अशा वेळी पीडीएफच्या बॅकएंड सेटिंगमध्ये प्रमाणपत्रांच्या कोठाराचा मार्ग हाताने द्यावा. मधले प्रमाणपत्र उताऱ्यात नसेल तर तेही त्याच पद्धतीने घ्यावे, मात्र त्याला कोणतीच खूण करू नये. वरच्याचा भरवसा त्याला पुरतो.

बँकेचे काम यासाठी थांबवू नका. उताऱ्यावर छापलेला पडताळणी क्रमांक शाखेतील कर्मचाऱ्याला महाभूमीच्या संकेतस्थळावर घालून पाहता येतो. मात्र फाइल ई-मेलने द्यावी, छापील कागद स्कॅन करून पाठवू नये. स्कॅनमध्ये सहीचे फक्त चित्र उरते.